मोजपट्टी कोणाची, तिजोरी कोणाची?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या नावानं चालते, म्हणून मी शाळेवरच बोलायचं ठरवलं. चालकांना धास्ती होती की केंद्र-राज्य म्हटलं की सगळं कलमांचं कीर्तन होईल. थोडं होणार आहे. पण ज्यांना कलमांचा कंटाळा आहे त्यांनी पहिली दहा मिनिटं सोसावीत; नंतर पैशाचा विषय निघेल, तेव्हा सगळे जागे होतील याची मला खात्री आहे.

प्रश्न अगदी साधा आहे. आपल्या तालुक्यातल्या चौथीच्या मुलाला किती गणित आलं पाहिजे, कोणती भाषा आली पाहिजे, कोणता इतिहास माहीत पाहिजे, हे कोणी ठरवायचं? त्याच्या गुरुजींनी? जिल्हा परिषदेनं? पुण्यानं? मुंबईनं? की दिल्लीनं?

१९१९च्या कायद्यानं प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. इंग्रजांनी पोलीस आणि अर्थखातं स्वतःकडे ठेवलं आणि शिक्षण भारतीय मंत्र्यांकडे सोपवलं. म्हणजे खर्चाचं खातं आपल्याकडे आणि पैशाची किल्ली त्यांच्याकडे. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे. १९३५च्या कायद्यात शिक्षण प्रांतांकडेच राहिलं. आपल्या घटनेतही ते राज्यसूचीत, अकराव्या नोंदीत होतं. केंद्राकडे दर्जा ठरवण्याचा अधिकार होता तो उच्च शिक्षणापुरता. शाळेचा दर्जा दिल्लीनं ठरवावा असं घटनाकारांनी लिहिलेलं नव्हतं.

पुढे १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे. त्या आयोगापुढे प्रश्न आला, शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या सूचीत, न्यावं का? आयोगानं सांगितलं, आहे ती व्यवस्था बरी आहे. केंद्रानं दिशा दाखवावी, चालना द्यावी, सक्ती करू नये. आणि गंमत बघा, सक्ती नसताना काम झालं! दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध याच आयोगानं सुचवला, १९६८च्या राष्ट्रीय धोरणानं उचलला, आणि महाराष्ट्रानं स्वतःच्या निर्णयानं स्वीकारला. आपल्याकडे १९७५ साली नव्या पद्धतीची दहावी झाली. या सभागृहात अकरावी मॅट्रिकवाले काही जण आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळतंय. १९६७ साली पुण्यात बालभारती उभी राहिली, तीही कोठारी आयोगाच्या शिफारशीचा धागा धरून. दिल्लीनं वटहुकूम काढला नव्हता. पटलं म्हणून केलं.

मग १९७६ उजाडलं. आणीबाणी. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात. स्वर्णसिंह समितीनं शिफारस केली, आणि बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं पाच विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. कोणते पाच? शिक्षण, जंगलं, वन्य प्राणी आणि पक्ष्यांचं संरक्षण, न्यायदानाची व्यवस्था, आणि वजनं-मापं. होय, वजनं-मापं! किलो आणि पाचवी इयत्ता एकाच दुरुस्तीत सरकल्या. ३ जानेवारी १९७७ पासून ते अमलात आलं. मोरारजींच्या जनता सरकारनं शिक्षण राज्यांना परत द्यायचा प्रयत्न केला. तो राज्यसभेत अडला. तेव्हापासून नियम असा की एकाच विषयावर राज्याचा आणि केंद्राचा कायदा एकमेकांना छेदू लागला, तर सर्वसाधारणपणे केंद्राचा टिकतो.

आता कोणाला वाटेल, संपलं, सगळं दिल्लीकडे गेलं. कागदावर पाहाल तर तसं दिसत नाही. २००९चा शिक्षणहक्क कायदा केंद्राचा. पण आपल्या शाळांचा अभ्यासक्रम कोणी ठरवायचा, याचं उत्तर त्या कायद्यातही राज्य सरकारनं नेमलेलं शैक्षणिक प्राधिकरण असंच आहे. २०१९मध्ये पाचवी-आठवीला नापास करायचं की नाही हा निर्णय केंद्रानं राज्यांवर सोडला, आणि महाराष्ट्रानं त्या परीक्षा पुन्हा सुरू केल्या. पुस्तक बालभारती छापते. मग राज्याच्या हातून काहीतरी निसटतंय असं शिक्षकाला, पालकाला का वाटतं?

कारण सत्ता सूचीतून गेलेली नाही. ती दोन मागच्या दारांनी गेली. एक दार पैशाचं, दुसरं प्रवेशपरीक्षेचं. आज मला जे सांगायचं आहे ते हेच, आणि म्हणून "शिक्षण राज्यसूचीत परत आणा" या घोषणेनं मी फारसा हुरळून जात नाही.

आधी पैसा. त्यासाठी तुम्हाला १८८२ सालात घेऊन जातो. हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आपण सगळे सांगतो. शिक्षक दिनाला, महात्मा फुले जयंतीला, भाषणात सांगतो. पण त्या निवेदनातल्या तीन गोष्टी आपण सहसा सांगत नाही. पहिली, सरकार शिक्षणासाठी म्हणून शेतकऱ्यांकडून खास पट्टी वसूल करतं, पण ती रक्कम ज्या कामासाठी घेतली त्या कामावर खर्च होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. दुसरी, मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, पण कारभार संपूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षणखात्याची असावी. तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते. खेड्यातल्या शाळेचा अभ्यास शहरातल्या शाळेपेक्षा कमी असला तरी चालेल, पण तो व्यवहारोपयोगी असण्यात कमी पडता कामा नये.

बघा, या माणसानं काय केलं. पैसा कोणाचा, देखरेख कोणाची, अभ्यास कोणासाठी, हे तीन प्रश्न वेगळे केले. "स्थानिक तेवढं चांगलं" असं फुले म्हणाले नाहीत. का म्हणतील? पुण्याच्या नगरपालिकेत कोण बसत होतं आणि त्यांना कोणाची मुलं शिकलेली नको होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि "वरून येईल ते चांगलं" असंही ते म्हणाले नाहीत. आपण मात्र एकशेचाळीस वर्षांनंतर हे तीन प्रश्न एकाच पोत्यात भरून भांडत बसतो.

पट्टीची गोष्ट पुढे चालू ठेवतो. २००४ साली केंद्रानं करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लावला. पुढे तो तीन झाला, आता आरोग्य धरून चार टक्के आहे. तुमच्या पगारपत्रकात, विवरणपत्रात तो दिसतो. उपकराची खुबी अशी की तो राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही. प्राप्तिकरातला वाटा वित्त आयोगाच्या सूत्रानं राज्याला हक्कानं मिळतो. उपकर पूर्ण केंद्राच्या तिजोरीत राहतो. मग तो पैसा शाळेत कसा येतो? योजनेतून येतो. आधी सर्व शिक्षा अभियान, २०१८पासून समग्र शिक्षा. केंद्र साठ, राज्य चाळीस. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना नव्वद-दहा. हक्कानं येणारा पैसा आणि योजनेतून येणारा पैसा यांत फरक काय? योजनेला अटी असतात.

या अटींचं काय होतं ते तमिळनाडूनं पाहिलं. सप्टेंबर २०२२मध्ये केंद्रानं पीएम श्री ही योजना मंजूर केली. देशभरातल्या साडेचौदा हजार शाळा नव्या राष्ट्रीय धोरणाचा नमुना म्हणून उभ्या करायच्या. त्यासाठी राज्यानं सामंजस्य करार करायचा, आणि करारात २०२०चं धोरण राबवण्याची हमी. तमिळनाडूनं सही केली नाही. त्या धोरणातलं त्रिभाषा सूत्र त्यांना मान्य नाही. १९६८पासून ते दोनच भाषा शिकवतात. मग पीएम श्रीचे पैसे मिळाले नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण अडले ते समग्र शिक्षाचेही पैसे! म्हणजे शिक्षकांचे पगार, दिव्यांग मुलांची मदत, शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के प्रवेशांची भरपाई. २०२४-२५चे दोन हजार कोटींहून अधिक रुपये अडले असं सांगत राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. शिक्षणहक्काच्या पैशाला राष्ट्रीय धोरणाशी बांधायची गरज नाही, हे जून २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. केरळ आधी अडून बसलं, ऑक्टोबर २०२५मध्ये सही केली, आणि आघाडीतल्या मित्रपक्षानंच डोळे वटारले तेव्हा पाऊल मागे घेतलं.

तुम्ही धोरणाच्या बाजूचे असाल किंवा विरोधातले. माझं स्वतःचं मत विचाराल तर मातृभाषेतून पायाभूत शिक्षण, पाठांतराला कमी महत्त्व, हे त्यातलं पुष्कळ मला पटतं. पण इथे प्रश्न वेगळा आहे. संसदेनं कायदा केला असता तर त्यावर चर्चा झाली असती, मतदान झालं असतं, राज्याला त्या कायद्यालाच न्यायालयात आव्हान देता आलं असतं. करारात यातलं काय होतं? दोन सचिव सही करतात. घटनेच्या तिन्ही सूच्या वाचून काढा, "सामंजस्य करार" अशी नोंद कुठेच सापडणार नाही.

हे आपल्याकडेच घडतंय असं नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही. जे केंद्राला दिलेलं नाही ते राज्यांचं, म्हणून शाळा राज्यांच्या, आणि प्रत्यक्षात गावागावांतल्या शाळा-मंडळांच्या. आपल्यापैकी कोणाची मुलं न्यू जर्सीत असतील तर त्यांना विचारा, घर घेताना आधी काय पाहिलं? स्कूल डिस्ट्रिक्ट. कारण शाळा मोठ्या प्रमाणावर तिथल्या घरपट्टीवर चालते, आणि श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत. एकूण शालेय खर्चात वॉशिंग्टनचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. पण त्या दहा टक्क्यांचं वजन बघा. २००२च्या आरंभी धाकट्या बुशसाहेबांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही केली. २०१४पर्यंत प्रत्येक मूल वाचन-गणितात प्रवीण झालं पाहिजे! नाही झालं तर शाळेवर कारवाई. मात्र प्रवीण म्हणजे काय, हे प्रत्येक राज्यानं आपापलं ठरवायचं. पुढे काय झालं असेल? आपल्याला सांगायला नको, आपण असल्या कामात तयार आहोत. काही राज्यांनी पट्टीच खाली केली. मुलं रातोरात प्रवीण!

मग राज्यांच्या गव्हर्नरांनी आणि शिक्षणप्रमुखांनी एकत्र येऊन 'कॉमन कोअर' नावाचे समान निकष तयार केले. ते राज्यांचे होते, वॉशिंग्टनचे नव्हते. पण ओबामांच्या सरकारनं त्याच सुमारास ४.३५ अब्ज डॉलरची स्पर्धा लावली, आणि असे निकष स्वीकारणाऱ्यांना त्यात गुण ठेवले. चाळीसहून अधिक राज्यांनी भराभर स्वीकारले. टेक्सासनं नकार दिला. २०१४मध्ये इंडियानानं ते सोडलेसुद्धा. पैशाचा वास लागल्याबरोबर निकष चांगले की वाईट ही चर्चाच बंद पडली, ते 'वॉशिंग्टनचे' ठरले. डिसेंबर २०१५च्या कायद्यात अमेरिकेच्या संसदेला लिहावं लागलं की असे निकष केंद्रानं राज्यांच्या गळ्यात मारायचे नाहीत. आणि मार्च २०२५मध्ये ट्रम्पसाहेबांनी केंद्रीय शिक्षण खातंच मिटवण्याच्या दिशेनं आदेश काढला. लंबक इकडून तिकडे. मधल्या काळात निकष मात्र शिक्षकांच्या टेबलावर पडून राहिले.

आता दुसरं दार. यावर आपण महाराष्ट्रात जास्त बोललं पाहिजे, कारण आपण त्यातून रोज ये-जा करतो.

२०१६ची आठवण करा. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, वैद्यकीय प्रवेशासाठी यंदापासूनच नीट. पहिला टप्पा १ मेला. आणि आपली राज्याची सीईटी होती ५ मेला. राज्य मंडळाच्या पुस्तकांवर दोन वर्षं तयारी केलेली मुलं, आणि आठवड्यात परीक्षा बदलली. आईबाप मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायला लागले. अखेर मे महिन्यात केंद्राला वटहुकूम काढून त्या वर्षापुरती राज्यांना सवलत द्यावी लागली. पुढच्या वर्षापासून नीट आली ती कायमची.

यात अभ्यासक्रमाचा कायदा बदलला का? नाही. बालभारतीचं एक पान बदललं का? नाही. पण त्या दिवसापासून अकरावी-बारावी विज्ञानाच्या वर्गात खरा अभ्यासक्रम कोणता, हे प्रत्येक मुलाला कळलं. जो परीक्षेत येतो तो. बारावीच्या गुणांना पात्रतेपुरती किंमत उरली. मग 'इंटिग्रेटेड' आलं. मुलगा हजेरीपटावर कॉलेजात आणि प्रत्यक्षात क्लासमध्ये. लातूरचं नाव आपण अभिमानानं घेतो. लातूरच्या पोरांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण तिथली पुस्तकांची दुकानं बघा आणि सांगा, राज्य मंडळाचं पुस्तक पुढच्या फळीवर आहे की एनसीईआरटीचं?

आणि अखेर मार्च २०२५मध्ये आपल्याच शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं, राज्य मंडळाच्या शाळांत टप्प्याटप्प्यानं सीबीएसई पॅटर्न. पहिलीपासून सुरुवात. पहिलीच्या मुलाला कोणती नीट द्यायची आहे हो? हा निर्णय कोणी लादला? कोणीच नाही. पालकांना हवा होता, सरकारनं दिला. सत्ता अशीही जाते. आपण ती स्वतः पोहोचवून येतो.

आता राज्यवाद्यांना न आवडणारं बोलतो. राज्याकडे अधिकार असला म्हणजे मुलाच्या हिताचं होतं का? १६ एप्रिल २०२५ला महाराष्ट्रानं शासन निर्णय काढला, मराठी आणि इंग्रजी माध्यमात पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, सक्तीनं. २०२०चं केंद्राचं धोरण म्हणतं, कोणतीही भाषा लादली जाणार नाही. म्हणजे सक्ती दिल्लीच्या कागदात नव्हती, ती मुंबईत जन्मली! १७ जूनला शब्द बदलले, ओरड वाढली, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द आणि नरेंद्र जाधवांची समिती. अडीच महिन्यांत पहिलीच्या शिक्षकानं काय करायचं हे तीनदा बदललं.

आणि बेळगाव? तिथल्या मराठी मुलाला कोणाची भीती वाटते, दिल्लीची की बंगळुरूची? भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं हे ३५० अ कलम राज्यांना सांगतं, आणि गरज पडली तर निर्देश देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना देतं. सीमाभागातला मराठी माणूस इतकी वर्षं दिल्लीकडे डोळे लावून बसला आहे, तो उगाच नाही. उलट आपणही मुंबईतल्या गुजराती शाळांना पाचवीपासून मराठी सक्तीची केली. ती सक्ती २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली. मला ती योग्य वाटते. पण सक्ती ही सक्तीच. आपली गोड आणि दुसऱ्याची कडू असं म्हणताना निदान थोडं हसावं.

एकच पुस्तक साऱ्या देशाला लावायचं म्हटलं तर काय होतं, त्याचाही नमुना ताजा आहे. एनसीईआरटीत मराठ्यांचा इतिहास दोन ओळींत आटोपतो ही आपली जुनी तक्रार. २०२५च्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांना चांगली जागा मिळाली. आपण खूश झालो. पण नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवलं होतं. राजस्थानात संताप! एनसीईआरटीला समिती नेमावी लागली.

मग राज्यांना अधिकार देण्याचं चांगलं कारण कोणतं? माझ्या दृष्टीनं अस्मिता नाही. कारण हे, की नवी गोष्ट बहुधा लहान घटकात सुचते. सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण करून पाहिलं आणि १९०६मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात नेलं. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मात्र १९१२मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात पडलं. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापुरात करून दाखवलं. शाळेतला दुपारचा भात कामराजांच्या मद्रासमध्ये पन्नाशीच्या दशकात वाढला गेला, दिल्लीला तो १९९५मध्ये सुचला. आधी दिल्लीची परवानगी घ्यावी लागली असती, तर ही ताटं कधी वाढली गेली असती?

आणि केंद्राला अधिकार देण्याचं चांगलं कारण कोणतं? जिथे स्थानिक सत्ता काही मुलांना मोजतच नाही, तिथे वरून मोजणारा कोणीतरी लागतो. फुल्यांचं कारण. दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कामगाराचं मूल, बीडहून कर्नाटकात जाणारं, ते कोणत्या राज्याच्या पटावर आहे? त्याला दोन्हीकडे चालेल असं किमान काहीतरी लागतंच.

तेव्हा मी जे मागतो ते थोडं आहे. किमान पातळी केंद्रानं ठरवावी, पण संसदेत, कायद्यानं. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळ १९२० साली प्रथम नेमलं गेलं. त्यात सर्व राज्यांचे शिक्षणमंत्री बसतात. पण त्याला कायद्याचा आधार नाही. त्याला न विचारता अभ्यासक्रम आराखडा केला तरी चालतो, असं २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. त्या मंडळाला कायदा द्या, मत द्या. शिक्षणाच्या नावानं घेतलेला उपकर राज्यांशी वाटून घ्या, म्हणजे करारांची गरजच पडणार नाही. आणि जे आपण दिल्लीकडे मागतो ते मुंबईनं जिल्हा परिषदेला द्यावं. गडचिरोलीच्या गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीनं मुंबई ही दिल्लीच आहे.

शिक्षकांसाठी एक शब्द, कारण ते इथे मोठ्या संख्येनं आहेत. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. अर्हता केंद्राची, नेमणूक राज्याची, नोकरी जिल्हा परिषदेची. चूक कोणाची निघाली तरी परीक्षेला बसणार गुरुजी. त्यांच्या मोर्चाला तुम्ही जा किंवा जाऊ नका. पण राज्यानं ज्या अटींवर त्यांना नेमलं त्या अटींचा वकील राज्यच असलं पाहिजे, हे सरकारला सांगा.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवायचा आहे, म्हणून थांबतो. तमिळनाडूनं कुरियन जोसेफ समिती नेमली आहे, राज्यांच्या अधिकारांचा हिशेब मांडायला. आपल्याकडे तशी समिती होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या आमदारांना येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न टाकायला सांगा. समग्र शिक्षाचे यंदाचे हप्ते कोणत्या तारखांना आले, किती आले, आणि ते यावेत म्हणून राज्यानं कोणकोणत्या कागदांवर सह्या केल्या? त्या कागदांच्या प्रती सभागृहाच्या पटलावर मागा.